सांगायला शिकवण्याआधी ऐकण्याची तयारी: प्राथमिक वर्गातील वैयक्तिक सुरक्षेचे शिक्षण

खानदेशातील, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेने असे विचारले आहे की, वरून सूचना आली म्हणून शाळेत ‘गुड टच, बॅड टच’चे एक सत्र झाले, बाहेरून आलेल्या वक्त्यांनी तासभर माहिती सांगितली, मुलांनी टाळ्याही वाजवल्या, परंतु काही दिवसांनी विचारले तेव्हा ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचे नाही’ यापलीकडे मुलांना काही आठवत नव्हते. हा विषय प्राथमिक वर्गात नीट शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी, पालकांनी हरकत घेतली तर काय सांगावे, आणि एखाद्या मुलाने खरोखरच काही सांगितले तर शिक्षकाने नेमके काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण शाळेतही तोच क्रम असायला हवा. वैयक्तिक सुरक्षेचा पाठ चांगला झाला तर वर्गातले एखादे मूल बोलू लागते. ते पाठ संपताक्षणी बोलेल असे नाही. कधी महिनाभराने वही तपासून घेताना, कधी पोषण आहाराच्या रांगेत ते एखादे वाक्य सहज टाकून पाहते आणि समोरच्या माणसाचा चेहरा वाचते. त्या वेळी शिक्षक गोंधळला, ओरडला किंवा ‘असले काही बोलू नये’ म्हणाला, तर ते मूल पुढे बराच काळ कोणालाच काही सांगत नाही. म्हणून मुलाला ‘सांग’ असे शिकवण्यापूर्वी, त्याने सांगितल्यावर आपण काय करणार आहोत हे शाळेतील सर्व मोठ्या माणसांनी ठरवून घेतलेले असावे. जेथे एवढे ठरलेले नाही, तेथे पाठ पंधरा दिवस पुढे ढकलला तरी चालेल, पण तयारी झाल्याशिवाय तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी कायद्याची बाजू माहीत असणे आवश्यक आहे. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, तो २०१२ चा असून त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मग तो मुलगा असो वा मुलगी, या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. असा अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळते, त्या कोणत्याही व्यक्तीने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या कर्मचाऱ्याविषयीची अशी माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच सांगितले आहे. शिक्षकाने आधी स्वतः चौकशी करावी, खात्री पटली तरच पोलिसांकडे जावे, असा क्रम या कायद्यात कुठेही नाही. तपास हे पोलिसांचे काम आहे आणि खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे. शिक्षकाचे काम ऐकणे, लिहून ठेवणे आणि कळवणे इतकेच आहे.

मूल बोलू लागले की हातातले काम बाजूला ठेवावे, त्याच्या उंचीला येईल असे बसावे आणि त्याला त्याच्या शब्दांत, त्याच्या गतीने बोलू द्यावे. ‘तू मला सांगितलेस हे फार चांगले केलेस’ आणि ‘यात तुझी काहीही चूक नाही’ ही दोन वाक्ये शिक्षकाच्या तोंडी अगदी तयार असावीत. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होईल. त्याऐवजी ‘तुला मदत करणाऱ्या एक-दोन मोठ्या माणसांना मला हे सांगावे लागेल’ असे खरे ते सांगावे. खोदून विचारू नये. ‘पुढे काय झाले?’ एवढा मोकळा प्रश्न पुरतो. ‘त्याने इथे हात लावला का, असे केले का?’ असे सुचवणारे प्रश्न मुलाच्या मनात आपले शब्द घालतात आणि पुढे न्यायालयात त्याच मुलाची बाजू कमकुवत करतात. बोलणे झाल्यावर मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, अहिराणी या खानदेशच्या बोलीत बोलले असेल तर अहिराणीतच, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावेत. त्यानंतर तीच हकीकत मुख्याध्यापकांपुढे, मग केंद्रप्रमुखांपुढे, मग आणखी कोणापुढे मुलाकडून वदवून घेऊ नये, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला बोलावून समोरासमोर तर कधीही करू नये.

संबंधित व्यक्ती मुलाच्या घरातीलच असेल, तर शाळा सुटेपर्यंत वाट पाहू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. तातडीच्या प्रसंगी ११२ आहे. पोलिसांनी ही माहिती चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायची असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाहून कमी नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणीसाठी गुन्हा नोंद होण्याची वाट पाहावी लागत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते आणि पालक किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती तेथे हजर राहू शकते. या तरतुदी पालकांना माहीत नसतात आणि ‘पोरीला पोलीस ठाण्यात बसवतील’ ही भीतीच त्यांचे पाय मागे ओढते, म्हणून शिक्षकाने त्या शांतपणे समजावून सांगाव्यात. मुलाचे नाव, छायाचित्र, घर, गल्ली किंवा शाळा यांवरून ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अमुक गावच्या शाळेत काय झाले ऐकले का’ असा संदेश फिरतो, तोही मुलाचे नुकसानच करतो.

आपल्या भागात याहून अवघड गोष्ट पुढे येते. खेड्यात मुलाचे आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याचे, अशी दोन्ही घरे बहुधा एकाच भाऊबंदकीतली किंवा एकाच गल्लीतली असतात. संध्याकाळपर्यंत चार वडीलधारी माणसे शाळेत येतात आणि ‘गुरुजी, जाऊ द्या, आपण बसून मिटवू, पोरीचे नाव खराब होईल’ असे सांगतात. त्यांच्यापैकी काहींना खरोखरच मुलीची काळजी असते, म्हणून त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ‘हे माझ्या हातात राहिलेले नाही, मी कळवले नाही तर गुन्हा माझ्यावर दाखल होईल’ एवढे एकच वाक्य नम्रपणे आणि न बदलता बोलत राहावे. कळवण्याची सक्ती अनेक शिक्षकांना ओझे वाटते. माझ्या अनुभवात गावात एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला तीच सर्वांत भक्कम ढाल ठरते.

राज्यात शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा निर्णय मार्च २०२२ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर समिती, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी यांविषयी शासनाने पुन्हा कडक सूचना दिल्या. समितीचा उपयोग जागृतीसाठी आणि शाळेचा परिसर सुरक्षित ठेवण्यासाठी जरूर करावा: स्वच्छतागृहाची कडी आतून लागते का, शाळेमागची पडकी खोली बंद आहे का, मधल्या सुटीत कोणाचे लक्ष असते. मुलाने सांगितलेली गोष्ट मात्र समितीच्या बैठकीत ठेवायची नसते. गावातल्या दहा जणांना ती कळली की मुलाची ओळख गुप्त राहत नाही. तक्रारपेटीबद्दल मी थोडा साशंक आहे. दुसरीतल्या ज्या मुलाला पूर्ण वाक्य लिहिता येत नाही, त्याला भिंतीवरच्या कुलूपबंद पेटीचा उपयोग काय? पेटी असू द्यावी, पण आपण काम केले असे त्यामुळे वाटू देऊ नये.

आता वर्गातल्या कामाकडे येऊ. पहिला पाठ स्पर्शावर घेऊ नये. मुलाला आधी आपल्या भावनांची नावे यावीत, आपल्याला काय आवडते आणि काय नको ते बोलता यावे आणि बोलल्यावर कोणी तरी ऐकते याचा रोजचा अनुभव यावा. पहिली-दुसरीत आनंद, राग, भीती, लाज, एकटेपणा या भावनांची चित्रे काढणे, हजेरीच्या वेळी ‘आज मन कसे आहे’ हे एका शब्दात सांगणे, दोन मित्रांच्या भांडणात दोघांचेही ऐकून घेणे, एवढ्यानेही सुरुवात होते. वर्गात चिडवणे, टोपणनावे ठेवणे, जातीवरून किंवा रंगावरून बोलणे या गोष्टींकडे ‘पोरे आहेत, चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष होत असेल, तर सुरक्षेचा पाठ पोकळ ठरतो, कारण मुलाने आपले दुखणे सांगून पाहिलेले असते आणि त्याला उत्तर मिळालेले नसते.

याच ठिकाणी छडीचा विषय येतो आणि तो टाळता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे; तरीही कान पिरगाळणे, वर्गाबाहेर उभे करणे, सर्वांसमोर ‘मठ्ठ’ म्हणणे हे प्रकार पूर्णपणे थांबलेले नाहीत. ‘तुझे शरीर तुझे आहे, कोणी दुखावले तर सांग’ असे सकाळी शिकवणाऱ्या हाताने दुपारी पाठीत धपाटा घातला, तर मुलाच्या लक्षात कोणता धडा राहील हे सांगायला नको. शिवाय ज्या शिक्षकाची भीती वाटते, त्याचे नाव मूल आपल्या विश्वासाच्या माणसांत कधीच घेत नाही. छडी सोडल्याशिवाय हा विषय शिकवता येत नाही, आणि प्रशिक्षणात सर्वांत जास्त कुरबूर याच मुद्द्यावर होते, हेही मी पाहिले आहे.

त्यानंतर शरीराचे नियम. स्पर्श ‘कसा वाटतो’ यावर नियम उभा करू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. सुई टोचणारी परिचारिका दुखवते, तरी तिचा स्पर्श सुरक्षित असतो. उलट लाडीगोडी लावणाऱ्या माणसाचा स्पर्श मुलाला सुखद वाटू शकतो, गुदगुल्यांनी हसू येऊ शकते आणि मग ‘मला वाईट वाटले नाही, म्हणजे मीच वाईट’ असा उलटा अर्थ मूल लावते. म्हणून नियम सरळ आणि कृतीचा असावा: अंघोळ घालणे, स्वच्छता किंवा आजारपणातील तपासणी सोडून कोणीही मोठ्या किंवा लहान माणसाने आपल्या खासगी अवयवांना हात लावायचा नाही, ते पाहायचे नाहीत, त्यांचे छायाचित्र काढायचे नाही, आणि स्वतःचे दाखवून आपल्याला हात लावायला सांगायचे नाही. डॉक्टर तपासतील तेव्हा आपले घरचे माणूस सोबत असावे. असे काही झाले तर वाटले काहीही असो, सांगायचे. नियम इतका स्पष्ट असला की सहा वर्षांचे मूलही तो लावू शकते.

या अवयवांची नावे घेताना शिक्षक अडखळतात आणि मुले हसतात. हसू द्यावे, एक-दोन मिनिटांत ते ओसरते. छाती, नितंब, शिश्न, योनी ही नावे डोळे, गुडघा, कोपर यांच्या ओळीतच, त्याच सुरात सांगावीत आणि मुले घरी जे शब्द वापरतात तेही घाणेरडे न ठरवता मान्य करावेत. ज्या अवयवाचे नावच उच्चारायचे नाही असे मुलाला वाटते, त्याच्याबाबत घडलेली गोष्ट ते सांगेल कशी?

तिसरी-चौथीत गुपितांचा पाठ फार महत्त्वाचा ठरतो. ताईच्या वाढदिवसाला आणलेली फ्रॉक लपवणे हे ठरावीक दिवशी उघडणारे, सर्वांना आनंद देणारे गुपित आहे. ‘कोणालाही सांगितलेस तर आई मरेल’ किंवा ‘हे आपल्या दोघांतच ठेव, तुला पन्नास रुपये देतो’ असे गुपित मात्र सांगायलाच हवे. शोषण करणारा माणूस बहुतेक वेळा जबरदस्तीने सुरुवात करत नाही. तो आधी खाऊ देतो, मोबाइलवर गेम खेळू देतो, गाडीवर फेरी मारतो, घरच्यांचा विश्वास मिळवतो, मग लहानसा नियम मोडून पाहतो आणि शेवटी मुलालाच दोषी ठरवून गप्प करतो. हा क्रम मुलांना भीती न घालता, छोट्या गोष्टींतून दाखवता येतो. गोष्ट अर्ध्यावर थांबवून ‘आता त्याने काय करावे?’ असे विचारले की मुले स्वतःच फार शहाणी उत्तरे देतात.

नुसते ऐकून हा विषय अंगी लागत नाही. मुलांनी तो उभे राहून, आवाज काढून करून पाहावा लागतो. आपल्या शाळांत एक गोष्ट हमखास राहून जाते. वर्गात मुले प्रमाण मराठीत ‘कृपया मला हात लावू नका’ असे सुरात म्हणतात, पण भीतीच्या क्षणी तोंडून घरची बोलीच निघते. म्हणून सराव अहिराणीतच घ्यावा: ‘माले हात नको लावू’, ‘मी मायले सांगसू’. धडगाव, अक्कलकुवा किंवा शिरपूरच्या पट्ट्यात पावरी आणि भिली बोलणारी मुले असतात; तेथे शिक्षकाने स्वतः वाक्ये जुळवू नयेत, अंगणवाडी सेविकेकडून किंवा वर्गातल्या आयांकडून घ्यावीत. आवाज मोठा, नजर समोर, पाऊल मागे आणि मग माणसांच्या दिशेने धाव, असे चारही भाग खेळात बसवले की मधल्या सुटीतही मुले ते करताना दिसतात.

नात्यांचा भाग मात्र सावकाश आणि जपून घ्यावा लागतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक शोषणाचा एक किंवा अधिक प्रकार अनुभवल्याचे सांगितले, आणि शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याच्या विश्वासातले होते. ‘अनोळखी माणसापासून सावध’ एवढेच शिकवले तर निम्मा धोका पाठाच्या बाहेर राहतो. परंतु म्हणून ‘काका, मामा कोणावरही विश्वास ठेवू नका’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे आणि खोटेही आहे, कारण बहुतेक काका-मामा मुलावर जीव लावणारेच असतात. मुलाला माणसे ओळखायला शिकवण्यापेक्षा नियम ओळखायला शिकवावे: नियम मोडणारा कोणीही असो, नात्यातला असो, मोठ्या हुद्द्यावरचा असो, शिक्षक असो, तरी सांगायचे.

आपल्या घरांचा रिवाजही इथे लक्षात घ्यावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशची घरोघरची देवी, बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुण्याला गेलेले सगळे भाऊबंद गावी येतात, रोटांचा स्वयंपाक होतो आणि रात्री पोरे मिळेल त्या अंथरुणात झोपतात. उन्हाळ्यात गच्चीवरही तेच. या एकत्र येण्यातला आनंद काढून घ्यायचा नाही. मुलांची अंथरुणे आजी किंवा आईच्या बाजूला एकत्र असावीत, इतके पालकसभेत सुचवले तरी आया ते लगेच उचलतात. ‘आबाला पापा दे, नाही तर आबा रुसतील’ ही प्रेमळ सक्तीही थांबवण्याजोगी आहे. मुलाला पापा द्यायचा नसेल तर त्याने रामराम करावा, पाया पडावे, हसावे. आदर राहतो आणि आपल्या नकाराला किंमत आहे हे मुलाला घरातच कळते.

मुलग्यांविषयी वेगळे सांगणे भाग आहे, कारण अनेक शाळा हा पाठ फक्त मुलींना वेगळे बसवून देतात. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात शोषण झाल्याचे सांगणाऱ्या मुलांपैकी ५२.९४ टक्के मुलगे होते. ‘पोरगा असून रडतोस?’ हे वाक्य ज्या घरात आणि वर्गात रोज ऐकू येते, तेथला मुलगा सांगायला आणखी कचरतो. प्राथमिक वर्गात मुले-मुली एकत्र बसूनच हा पाठ व्हावा. दुसऱ्याच्या नकाराचा मान ठेवणे हा तर दोघांसाठीही सारखाच धडा आहे.

‘नाही म्हण, दूर जा, सांग’ ही तीन पावले सर्वत्र शिकवली जातात आणि ती चांगलीच आहेत, पण त्यांत एक धोका लपलेला आहे. घाबरलेले मूल बहुधा थिजते. त्याला ओरडताही येत नाही आणि पळताही येत नाही. मग ‘बाईंनी शिकवले होते तरी मी नाही म्हटले नाही’ असा अपराधभाव त्याला आतून खातो. म्हणून प्रत्येक पाठात, प्रत्येक खेळानंतर हे सांगावे की नाही म्हणता आले नाही, खाऊ घेतला, बरेच दिवस लपवून ठेवले, तरीही चूक त्या मोठ्या माणसाचीच आहे आणि आजही सांगता येते. पोरांना पोहायला शिकवले म्हणून विहिरीला कठडा बांधण्याची गावाची जबाबदारी संपत नाही. तसेच सुरक्षा सांभाळण्याचे काम मुलाकडे देऊन मोठ्यांना मोकळे होता येत नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांत वयानुरूप शिक्षणासोबतच मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचा उल्लेख आहे, तो याच कारणासाठी.

असे शिक्षण दिल्याने मुले घाबरट होतात किंवा संशयी बनतात, अशी शंका पालकांइतकीच शिक्षकांनाही असते. आरोग्यविषयक संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये शाळांतील अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा, म्हणजे एकूण ५,८०२ मुलांच्या माहितीचा, आढावा प्रसिद्ध केला. त्यात मुलांचे ज्ञान आणि स्वतःला वाचवण्याची कौशल्ये वाढल्याचे दिसले आणि चिंता किंवा भीती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या चाचण्या भारतातल्या नव्हत्या आणि प्रत्यक्ष शोषण किती कमी झाले हे त्यांतून सिद्ध झालेले नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणूनच मी या पाठाकडे मोठ्यांच्या जबाबदारीची जोड म्हणून पाहतो, पर्याय म्हणून नाही.

वेळापत्रकाचा विचार खानदेशच्या वर्षाप्रमाणे करावा. ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. त्यांची मुले सोबत जातात किंवा आजी-आजोबांकडे, नातेवाइकांकडे राहतात, आणि दोन्ही परिस्थितींत त्यांच्यावरचे लक्ष कमी होते. ज्यांना हा पाठ सर्वांत जास्त लागतो तीच मुले दुसऱ्या सत्रात वर्गात नसतात. म्हणून मुख्य पाठ जुलै ते सप्टेंबर या काळात, आठवड्याला एक, वीस ते तीस मिनिटांचा असे घ्यावेत. आनंददायी शनिवार या शाळेतील उपक्रमाचा वेळ त्यासाठी सोयीचा आहे. दुसऱ्या सत्रात उजळणी आणि उन्हाळी सुटीपूर्वी पुन्हा एक पाठ. परिपाठात, साऱ्या शाळेसमोर माइकवर हा विषय घेऊ नये. पहिलीच्या आणि सातवीच्या मुलाला एकच भाषा चालत नाही. दोन शिक्षकी शाळेत दोघेही पुरुष असतील तरी पाठ थांबवण्याचे कारण नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा एखादी माता-पालक सोबत बसवावी आणि वर्गाचे दार उघडे असावे.

पालकांना पाठ सुरू होण्यापूर्वीच बोलवावे, आणि तेही संध्याकाळी, शेतातून परतल्यावर. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराच्या सभेला कोणी येत नाही. सभेत ‘लैंगिक शिक्षण’ अशा शब्दांनी सुरुवात झाली की चर्चा भलतीकडे जाते. मुलांना कोणती वाक्ये शिकवणार, कोणती चित्रे दाखवणार, ते सर्व पालकांसमोर प्रत्यक्ष ठेवावे आणि एक खेळ त्यांच्याकडूनच करून घ्यावा. ‘एवढ्या लहान वयात कशाला?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे असते की, त्रास देणारा माणूस मुलाचे वय पाहून थांबत नाही. वडिलांना मुद्दाम बोलवावे. सभा फक्त आयांची झाली तर ही जबाबदारीही फक्त आयांवरच पडते. एक-दोन पालकांनी तरीही नकार दिला तर त्यांच्याशी वेगळे, घरी जाऊन बोलावे, पण त्यांच्यासाठी संपूर्ण वर्गाचा पाठ रद्द करू नये.

मोबाइलविषयी चौथीपर्यंत तीन गोष्टी पुरेत: आपले छायाचित्र, पत्ता आणि शाळेचे नाव कोणालाही पाठवायचे नाही; खेळताना ओळख झालेला ‘मित्र’ कोण आहे हे आपल्याला कळत नसते; आणि नको ते दिसले तर फोन पालथा ठेवून मोठ्यांना सांगायचे, त्याबद्दल रागावणार नाही असे घरच्यांनी आधीच कबूल करायचे. बोलता न येणाऱ्या किंवा मतिमंदत्व असलेल्या मुलांसाठी चित्रांची कार्डे आणि खुणा लागतात, आणि त्यांचा सराव त्यांना रोज मदत करणाऱ्या माणसाखेरीज आणखी एकासोबत व्हायला हवा. आश्रमशाळांचा प्रश्न मोठा आहे. तेथे मूल रात्रीही संस्थेतच असते, म्हणून अंघोळीची जागा, झोपण्याची व्यवस्था, मोठ्या मुलांचे लहानांशी वागणे आणि घरी मोकळेपणाने फोन करण्याची सोय या गोष्टी तेथे पाठाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

शेवटी, मुलांना किती कळले हे लेखी परीक्षेने पाहू नये. प्रत्येक मुलाने आपल्या तळहाताची बाह्यरेषा काढून पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसे लिहावीत किंवा काढावीत, त्यांपैकी किमान दोन घराबाहेरची असावीत. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारावे, ‘पहिल्या माणसाने ऐकले नाही तर?’ ‘दुसऱ्याला सांगेन’ असे उत्तर आले तर पाठ पोहोचला. एखाद्याची दोन बोटे रिकामी राहिली, किंवा मागच्या वेळी लिहिलेले नाव या वेळी खोडलेले दिसले, तर वर्गासमोर कारण विचारू नये. त्या मुलाकडे पुढचे काही दिवस अधिक लक्ष द्यावे आणि त्याला आपल्याशी बोलायला निवांत वेळ मिळेल असे पाहावे. ही हातांची चित्रे भिंतीवर लावू नयेत, शिक्षकाच्या कपाटात कुलपात ठेवावीत, आणि दिवाळीनंतर व उन्हाळ्यापूर्वी पुन्हा काढून घ्यावीत, कारण सहा महिन्यांत मुलांची माणसे बदलतात.